मोरीच्या जाळीचा हार

दागिना म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो ‘किती तोळ्यांचा?’ ज्या घराला सोनं परवडत नाही, तिथली मुलगी पॉलिशवालं घेते आणि ते खरं वाटतंय ना, या धाकधुकीत अख्खं लग्न काढते. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेल्यापासून अशा मुली वाढल्याच असणार. माझं म्हणणं साधं आहे. सोन्याची नक्कल घालण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून तार आणि वायसर आणून दागिना स्वतः करावा, आणि तो तार-वायसरचाच आहे हे उघड दिसू द्यावं.

हे खूळ माझं एकटीचं नाही. ॲनी आल्बर्स ही विणकर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेली. पुढे मेक्सिकोत तिने मोंते आल्बानच्या थडग्यात सापडलेले प्राचीन दागिने पाहिले. त्यांत सोन्याच्या शेजारी स्फटिक आणि साधे शिंपलेही होते. परतल्यावर, १९४०च्या सुमारास, तिने अलेक्झांडर रीड या विद्यार्थ्याबरोबर हार्डवेअरची दुकानं धुंडाळली. मोरीच्या भोकावरची जाळी साखळीत अडकवली, तिला खाली कागदाच्या क्लिपा लोंबत्या सोडल्या, झाला हार! दुसरा हार केला फितीत वायसर ओवून. तिसऱ्याला चक्क केसांच्या पिना. यांतला एकही दागिना आपण चांदीचे आहोत असं सोंग आणत नाही, आणि मला तेच आवडतं.

करायला फार लागत नाही. वायरिंगच्या उरलेल्या तुकड्याचं प्लॅस्टिक सोललं की तांब्याची तार मिळते. एकपदरी, जाड तार घ्या. बारीक तारांचा जुडगा आकार धरत नाही. तांबं ठोकल्याने कडक होतं, म्हणून आकडी वळवून झाल्यावर तिच्यावर हातोडीचे दोन हलके ठोके द्या, म्हणजे ती सहज उघडत नाही. टोकं कानशीने घासा, नाहीतर ओढणीचे धागे निघतात. घामाने कातडीवर हिरवा डाग उठला तर घाबरू नका, साबणाने जातो. मात्र कानाच्या भोकात दुकानातली तार घालू नका. चकचकीत मुलाम्यात बऱ्याचदा निकेल असतं, त्याने अनेकींना खाज सुटते, चट्टे उठतात. तिथली आकडी चांदीचीच हवी.

माझी खाला म्हणते, “अडीनडीला हा हार गहाण कोण ठेवून घेईल?” तिचं खरंच आहे. सोनं ही बाईच्या हातातली पुंजी आहे आणि ती कुणी सोडू नये. पण पुंजी कपाटात शोभते. चार लोकांत मिरवायला बापाने कर्ज काढून तोळे जमवायचे, ही पुंजी नव्हे. महर द्यायला काहीच नसलेल्या एका माणसाला पैगंबरांनी लोखंडाची अंगठी तरी शोधून आणायला सांगितलं, ही हदीस बुखारीत आहे. निकाहाच्या बयानात ती आपण ऐकतो, मान डोलावतो, आणि जेवणाच्या पंगतीत पुन्हा नवरीच्या अंगावर किती तोळे आहेत याचाच हिशेब चालतो.