मुक्काम पायथ्याला

गड पाहून आलो असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय पाहून आलेलो असतो? रविवारी सकाळी पुण्याहून निघायचे, गुंजवण्यात गाडी उभी करायची, चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर चढायचे, तळ्याकाठी छायाचित्रे काढायची आणि दिवस कलायच्या आत परतीची वाट धरायची. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, शिवाय वर बालेकिल्ला आहे. जेथून पंचवीसेक वर्षे स्वराज्याचा कारभार चालला, तो गड आपण पाच तासांत ‘उरकतो’. माझे मत असे, की भोर-वेल्ह्याचा मुलूख पाहायचा तर तेथे रात्र काढली पाहिजे. आणि तीही धरणाकाठच्या रिसॉर्टात नव्हे, पायथ्याच्या गावातल्या घरात.

या बाबतीत जपानी लोकांकडे पाहण्यासारखे आहे. त्यांच्याकडे ‘रयोकान’ नावाची जुन्या वळणाची अतिथिगृहे आहेत. यामानाशी प्रांतातले एक तर इ. स. ७०५ पासून चालू असल्याचे सांगतात. पाहुण्याने पादत्राणे दाराशी काढायची, गवती चटयांच्या खोलीत बसायचे, स्नान करून त्या भागात पिकलेले अन्न जेवायचे. रात्री त्याच खोलीत अंथरूण घातले जाते आणि सकाळी उचलले जाते. एखादे कुटुंब आपल्या राहत्या घरात अशीच सोय करते, तेव्हा त्याला ‘मिन्शुकु’ म्हणतात.

यात आपल्याला परके काय आहे? चपला दाराबाहेर, पाय धुवायला पाण्याचा तांब्या, पडवीत सतरंजी, सकाळी वळकटी आणि ताटात घरच्या तांदळाचा भात. वेल्ह्याच्या कोणत्याही घरात हीच रीत आहे. रायरेश्वराच्या पठारावर राहणारी जंगम कुटुंबे आल्यागेल्याच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय करतात. फरक एवढाच, की जपान्यांनी या रीतीला व्यवसायाची शिस्त लावली. रात्रीचे जेवण, मुक्काम आणि न्याहारी यांचा मिळून दर आधी सांगितला जातो. वर बक्षिसी देण्याची चाल नाही. आपल्याकडे मात्र सारा व्यवहार भिडेवर चालतो.

कोणी म्हणेल, पाहुण्याकडून पैसे घेणे ही आपली संस्कृती नव्हे. हे म्हणणारा बहुधा पंगतीत बसलेला असतो, चुलीपुढे नसतो. पंधरा जणांच्या टोळीसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या श्रमाला मोल नाही काय? आतिथ्य तिने करायचे आणि संस्कृतीचा अभिमान आपण मिरवायचा, ही वाटणी बरोबर नाही. दुसरा आक्षेप गैरसोयीचा. तो काही अंशी खरा आहे. स्वच्छ संडास आणि धुतलेले अंथरूण हवेच. परंतु ठरलेला दर नियमाने हाती पडला, तरच ते घरमालकाला परवडेल. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा लाभ मोठ्या जमीनदाराइतकाच दोन खोल्यांच्या घरालाही मिळाला पाहिजे.

हा प्रश्न केवळ सहलीच्या सोयीचा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगड आहे. आता गर्दी वाढणार आणि गर्दीमागोमाग जमिनीचे गिऱ्हाईक येणार. डोंगरउताराच्या जमिनींचे प्लॉट पडत आहेत. आज भातखाचर विकणारा शेतकरी उद्या त्याच जागी उठलेल्या बंगल्याचा राखणदार होतो. मग पाहुणा येईल, पण यजमान उरणार नाही.

जपानातील त्सुमागो गावाने हा धोका वेळीच ओळखला. एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या डोंगरी रस्त्यावरचे हे मुक्कामाचे ठाणे. आगगाडी दुसऱ्या वाटेने गेली आणि गाव ओस पडू लागले. १९६८ पासून तेथील लोकांनी जुनी घरे दुरुस्त करायला घेतली, आणि १९७१ साली गावाने सनद केली: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. आज दूरदूरचे प्रवासी तेथे मुक्काम करतात. गुंजवणे, पाली, वेल्हे, केळद, कोर्ले या गावांच्या ग्रामसभांना असा ठराव का करता येऊ नये? गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकण्याआधी गावाने विचार करावा आणि मुक्कामाचा दर सर्वांनी मिळून ठरवावा, एवढ्याने सुरुवात होईल.

आपल्या हातीही काही आहे. मुक्काम दोन रात्रींचा असला, की पाहणे घाईचे होत नाही. एक दिवस तोरण्यावर मेंगाईच्या देवळापर्यंत जावे. दुसऱ्या दिवशी नसरापूरचे बनेश्वर पाहावे. तेथे वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तेथून भोरच्या पंतसचिवांच्या राजवाड्याकडे वळावे. संध्याकाळी यजमानाला पावसाचे, पिकाचे आणि गावातल्या शाळेचे विचारावे. पुस्तकात न सापडणारा इतिहास पुष्कळदा या बोलण्यात सापडतो. निघताना ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि आपला कचरा आपल्याबरोबर न्यावा.

महाविद्यालयाची सहल दरवर्षी निघते. पुढच्या वर्षी तिने हॉटेल न शोधता पायथ्याचे एक गाव शोधावे, अशी माझी सूचना आहे.