व्हायोला हवा, व्हायोलावादक नको!

ग्लेन वेव्हर्लीतल्या आपल्या मंडळींचं गणित पक्कं. व्हायोलिनला गर्दी, त्याहून मोठा, खालच्या सुरांचा व्हायोला वाजवणारे कमी. म्हणून पोराला व्हायोला, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी! बारावी आली की वाद्य कपाटात. "हेच करणार" म्हणाला, तर घरात सुतक.

का हो? ब्रिस्बेनचा ब्रेट डीन १९८५ ते १९९९ बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलाच वाजवत होता. मान्य, जागा मोजक्या. २०२० च्या साथीत मेलबर्न सिंफनीनेही वादकांना तात्पुरतं घरी बसवलं. पण नारळ इंजिनियरांनाही मिळतोच की!

झुबिन मेहता मुंबईचे म्हणून छाती फुगवायची आणि पोराला विचारायचं, "पोट कशावर भरशील?" मग इतकी वर्षं रियाज करून घेतलात कशाला?