डिस्चार्जच्या वेळची दहा मिनिटे

मुलाला घरी सोडण्याची वेळ ही बालरुग्ण विभागातली सगळ्यात गडबडीची वेळ असते. वडील बिलाच्या खिडकीपाशी रांगेत, आई पिशव्या भरण्यात, मूल कडेवर किरकिरत. आणि तेवढ्यात सिस्टर येऊन चिठ्ठीवर बोट ठेवत सांगते, हे सकाळ-संध्याकाळ, हे ताप आला तरच, हे पाच दिवस, तिसऱ्या दिवशी दाखवायला या. आई मान डोलावते. 'सर्व माहिती समजावून सांगितली' या ओळीखाली सही होते आणि कॉट पुढच्या पेशंटसाठी रिकामी होते. सलाईन किती मिली गेले याची नोंद तासातासाला ठेवणाऱ्या आपल्या व्यवस्थेत पालकांना नेमके काय कळले याची नोंद मात्र कुठेच होत नाही. वास्तविक पुढचे पाच दिवस उपचार करणार असतात ते पालकच. म्हणून त्यांना शिकवणे हा सिस्टरच्या सौजन्याचा भाग न मानता तिच्या कामाचा भाग मानावा, आणि त्यासाठी वेळ, माणसे आणि नोंद या तिन्ही गोष्टी द्याव्यात, असे माझे मत आहे.

साधे पॅरासिटामॉलच घ्या. तान्ह्या बाळांसाठी ते ड्रॉप्समध्ये मिळते आणि त्यात सहसा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये तेवढेच औषध मिळायला चार मिली लागतात. आठ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण १२० मिलिग्रॅम पुरते, म्हणजे ड्रॉप्स असतील तर जेमतेम सव्वा मिली आणि सिरप असेल तर सुमारे पाच मिली. आता 'मागच्या वेळी पाच मिली दिले होते' एवढेच लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सची बाटली हातात घेतली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाईल. त्यात स्वयंपाकघरातला चमचा वापरला, तर मापाचा प्रश्नच मिटला! ही चूक अडाणीपणाची नव्हे, शिकलेल्या घरांतही ती होते. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही पालकांना चित्रांचा कागद देऊन डोस समजावला आणि त्यांच्याकडून तो परत सांगून व करून घेतला. रोजच्या औषधाच्या मापात चुकणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात सुमारे ५ टक्के होते. नेहमीच्या पद्धतीने सांगितलेल्या पालकांत ते ४८ टक्क्यांच्या आसपास होते. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक होता तो शिकवण्याच्या रीतीचा.

आपल्याकडचे दाखले याहून ठळक आहेत. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५ वर आला, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या बायका प्रतिजैविकाची इंजेक्शनेही देत होत्या, सगळे श्रेय शिकवण्याला देता येणार नाही, असे कुणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. पण दूध न ओढणारे, गार पडलेले बाळ 'झोपाळू' नसून आजारी आहे, हे आईने ओळखून हाक मारली तरच ते इंजेक्शन वेळेवर पोचते.

सगळ्यात वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा. एका सिस्टरकडे वीस-पंचवीस मुले असताना ती शिकवणार कधी? आक्षेप खरा आहे, आणि तो शिकवण्याच्या विरोधात जात नाही, भरती रखडवणाऱ्यांच्या विरोधात जातो. शिवाय प्रत्येकीला वेगळे शिकवायलाच हवे असे नाही. जुलाबाच्या पाच मुलांच्या आया एकत्र बसवून ओआरएसची पुडी एकदा विरघळवून दाखवता येते: लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, पूर्ण, आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यायचे. दुसरा आक्षेप मोबाइलचा, की हल्ली सगळे तिथे कळते. कळते, पण या बाळाचा श्वास आत्ता जोरात चालला आहे का, हे मोबाइल सांगत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नासच्या पुढे, त्याहून मोठ्याचा चाळीसच्या पुढे गेला किंवा पोट उडायला लागले, तर तडक दवाखाना गाठायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हा आकडा साठ. मोजायची सवय घड्याळ हातात घेऊन एकदा मोजल्यावरच लागते. आणि घरी आजी ऐकत नाही, मध चाटवते, गुटी देते, ही तक्रार तर सिस्टरही करतात. मग आजीला बाहेर बाकावर का बसवायचे? घरात शब्द तिचा चालत असेल, तर शिकवणीला पहिली ती हवी. तिला चार माणसांत खोडून काढले की सून घरी गेल्यावर गप्प बसते, हे कुणाही अनुभवी सिस्टरला ठाऊक असते.

करायचे काय, ते फार मोठे नाही. शिकवणे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, भेटीच्या वेळेत व्हावे, म्हणजे घरची मंडळी हजर असतात. आईने सिरिंजमध्ये डोस ओढून दाखवावा, मुलाला परत कधी आणायचे ते आपल्या शब्दांत सांगावे, आणि सिस्टरने तेवढ्यापुरती केस पेपरवर खूण करावी. जमले नाही तर तेही लिहावे, म्हणजे आशाताईला घरी गेल्यावर कुठून सुरुवात करायची ते कळेल. नर्सिंगच्या विद्यार्थिनी आरोग्य शिक्षणाचे चार्ट रात्र-रात्र जागून रंगवतात, त्यावर त्यांना गुण मिळतात. नोकरी लागली की ड्यूटीच्या तक्त्यात त्या कामाला रकाना नसतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरुग्ण विभागांत मेट्रनने मनावर घेतले, तर तो पुढच्या महिन्याच्या तक्त्यातही आखता येईल.