विश्लेषण : मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवता येते का? कायदा काय सांगतो, प्रमाणपत्राचे काय?

होमस्कूलिंग म्हटले की डोळ्यांसमोर घरातली छोटी शाळा येते. भिंतीवर फळा, टेबलावर वेळापत्रक आणि बाईंच्या जागी आई. पुणे-मुंबईसारख्या शहरांत मुलांना शाळेत न पाठवणारी कुटुंबे आहेत. संख्या थोडी, पण त्यातली अनेक या चित्रापासून बरीच लांब गेलेली. आधी मुलाशी नाते, मग अभ्यास, आणि तोही मुलाच्या गतीने, हा त्यांचा मार्ग. ऐकायला छान वाटतो. कागदपत्रांपाशी आल्यावर मात्र तो अडखळतो.

ही पद्धत नेमकी काय?

अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये शाळेविना शिकणाऱ्या कुटुंबांसाठी मासिकच सुरू केले. ‘अनस्कूलिंग’ हा शब्द त्यांचाच. मूल शिकायला तयारच असते, मोठ्यांनी मध्ये मध्ये परीक्षा घेणे थांबवावे, हे त्यांचे म्हणणे. त्याआधी ब्रिटनच्या शार्लट मेसन यांनी वेगळी वाट दाखवली होती. धडे छोटे, पुस्तके चांगली, रोज बाहेर भटकणे आणि वाचून दाखवलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत परत सांगणे. प्रश्नोत्तरे नाहीत, गाळलेल्या जागा नाहीत.

यातले ‘परत सांगणे’ वरवर साधे वाटते. पण गोष्ट सांगताना मुलाला क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात, काय महत्त्वाचे ते ठरवावे लागते. पालकाचे काम एकच : मध्ये न बोलणे. सांगायला सोपे, करायला महाकठीण. सात वर्षांचे मूल ‘मग तो... मग तो...’ करत अडकले की मोठ्यांच्या तोंडून पुढचे वाक्य आपोआप निघते.

नात्याचा मुद्दाही केवळ भावनिक नाही. बाळाने हुंकार दिला, बोट दाखवले की मोठ्याने प्रतिसाद द्यायचा, मग बाळ पुन्हा काही करते. हार्वर्ड विद्यापीठातील बालविकास केंद्र या देवाणघेवाणीला टेनिसच्या भाषेत ‘सर्व्ह अँड रिटर्न’ म्हणते आणि मेंदूच्या जडणघडणीत तिला मोठे स्थान देते. शाळेच्या वयातही शिकण्याआधी मुलाला सुरक्षित वाटावे लागते. चुकलो तर ओरडा बसेल, हे डोक्यात असेल तर हातचा कुठला धरायचा तेही सुचत नाही.

आपल्याकडे हे नवे आहे का?

अजिबात नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना ती हीच. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जायचे, हा विचार ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या आदिवासी पाड्यांवर राबवला. आज तो ‘परदेशी फॅड’ म्हणून हिणवला जातो, हे गमतीचेच. फरक इतकाच की तेव्हा शाळा मुलांपर्यंत जात होती, आता काही पालक मुलांना शाळेपासून बाजूला काढत आहेत.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य. पण ते पाळले नाही तर पालकाला दंड किंवा शिक्षा, अशी तरतूद या कायद्यात नाही. ‘सक्तीचे शिक्षण’ यातली सक्ती मुख्यत्वे सरकारवर आहे. कलम ८ तेच सांगते.

म्हणजे परवानगी आहे का? तसेही स्पष्ट लिहिलेले नाही. दिल्ली उच्च न्यायालयातील एका प्रकरणात केंद्राने २०१२ मध्ये, स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही, अशी भूमिका मांडली. नंतर ती बदलली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मात्र दिला. इतरांसाठी हा भाग धूसरच आहे.

एक धोका पालकांच्या लक्षात येत नाही. चार घरांतली मुले एकत्र खेळली-वाचली तर प्रश्न नाही. पण जागा भाड्याने घेऊन, फी लावून रोजचे वर्ग सुरू झाले की ती विनामान्यता शाळा ठरू शकते. त्यासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे चालू ठेवल्यास दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते.

दहावी-बारावीचे काय?

२०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. तिच्याकडे दहावी-बारावीची प्रमाणपत्रे नव्हती. होती ती आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडची तीन पदके. बातमी सगळीकडे गाजली. पण बारावीअभावी आयआयटीचे दार तिला बंद होते, हा भाग फॉरवर्डमधून बहुधा गळला.

बाकीच्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा वापरातला रस्ता. दहावीसाठी किमान वय १४, आठवीच्या दाखल्याचा आग्रह नाही, मराठी माध्यमही आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक विषय सोडवता येतो, त्यामुळे सावकाश शिकणाऱ्याला ही रचना मानवते. बारावी किमान पाच विषयांसह केली तर जेईई मेनला चालते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ मात्र कधीतरी शाळेत गेलेल्यांसाठी. तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात.

म्हणजेच घाई करायची नाही म्हणणाऱ्या घरालाही तेराव्या वर्षाच्या आसपास विषय निवडायला बसावे लागते.

खरी अडचण कुठे येते?

वेळेत. घरचे शिक्षण फीच्या हिशेबात स्वस्त दिसते. पण एका पालकाची नोकरी सुटली किंवा अर्धी झाली तर तो खर्च कोणी मांडत नाही. आणि तो पालक बहुतेक घरांत आईच असते. बाबा रविवारी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतात, भाग वेगळा.

दुसरी अडचण नात्याचीच. शाळेत ओरडा बसला तर मूल घरी येऊन सांगते. घरीच बाई आणि आई एक झाल्या तर जायचे कुठे? नात्यावर भर देणाऱ्या पद्धतीत म्हणूनच सगळा भार एका माणसावर टाकत नाहीत; आजी-आजोबा, वाचनालय, मैदान, शेजारचा सुतार, सगळे त्यात येतात. आणि ज्या दिवशी गणितावरून रडारड होते, त्या दिवशी गणित बंद.

नाहीच जमले तर?

परतीची वाट कायद्यातच आहे. कलम ४ नुसार सहा वर्षांवरील मूल शाळेत कधीच गेले नसेल तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. प्रवेशासाठी जन्मदाखला लागतो. तो नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ सांगते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवा, असे कोणी सांगितले तर हीच दोन कलमे दाखवावीत.