आधी प्लग काढा, पाकीट नंतर

१ ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठते आणि मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पहिल्याच पहाटे काही होड्या जागच्या जागी अडतात. जाळी चढलेली, बर्फ भरलेला, माणसं तयार आणि मागे एकजण घामाघूम होऊन इंजिनाची दोरी ओढतोय. दहा-बारा हिसके झाले की सल्ला देणारे जमतात. कुणी कॉइल गेली म्हणतो, कुणी कार्बोरेटर नवा टाक म्हणतो. दुपारपर्यंत तालुक्याच्या दुकानातून हजारोंचा माल येतो. इंजिन मात्र तसंच.

लहान होड्यांना मागे लावायचं हे आउटबोर्ड इंजिन, किनाऱ्यावरच्या बोलीत ओबीएम, सहसा इंजिनाच्या दोषानं हटून बसत नाही. दोष बहुतेक वेळा टाकीतल्या पेट्रोलचा असतो. आणि देशाच्या इंधन धोरणानं हा दोष आता वाढवून ठेवला आहे.

१९०९ मध्ये ओले एव्हिनरूडनं अमेरिकेतल्या मिलवॉकीत आउटबोर्ड विकायला काढलं, तेव्हापासून त्याची गरज बदललेली नाही: पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन. तपास मात्र कायम उलट्या टोकानं सुरू होतो. आधी महागडा भाग, मग फुकटची तपासणी. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची लाल दोरी जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलाय का? तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मधला रबरी हातपंप दाबला की घट्ट व्हायला हवा. चपटा होऊन तसाच राहिला तर मागून पेट्रोल येत नाही. कितीही दाबून मऊच राहिला तर कुठल्यातरी जोडातून हवा शिरतेय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय. हे पाहायला पाना लागत नाही, पैसेही नाहीत.

त्यानंतर प्लग. इंजिन न बोललं तरी प्लग बोलतो. दोरी ओढून ओढून काढलेला प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचलेलंच नाही. ओलाचिंब असेल तर एक तर करंट नाही, नाहीतर चोक ओढून धरल्यानं इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. ओव्हर झालेल्या इंजिनाला चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि चार-सहा हिसके, एवढं बहुधा पुरतं. टोकाशी पाण्याचे बारीक मणी दिसले तर पुढचं काही उघडण्याआधी टाकीकडे वळावं. करंट पाहताना प्लगचं अंग इंजिनाच्या धातूला नीट टेकलेलं हवं. हवेत लोंबकळता प्लग ठेवून दोरी ओढली तर ठिणगी देणारं सीडीआय युनिट जायची भीती, आणि आसपास पेट्रोलची वाफ असेल तर आगीची. करंट नसेल तर कॉइलवर आळ घेण्याआधी जोडण्या उघडून पाहाव्यात. खाऱ्या हवेत तांब्यावर चढलेली हिरवी बुरशी अनेकदा तिथेच सापडते.

आता बाटलीची गोष्ट. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून निघेल ते पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत धरायचं आणि पाच मिनिटं ठेवायचं. तळाशी वेगळा थर दिसला की निदान झालं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. दोन महिने बंद पडलेल्या इंजिनात दुसरा त्रास चिकटाचा. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे पिवळट राळ उरते आणि स्लो जेटचं केसाएवढं भोक बुजतं. अशा वेळी नवा कार्बोरेटर घेणं म्हणजे नुसती उधळपट्टी. जेट काढून क्लीनरनं साफ केला, हवा मारली की बहुतेकदा काम भागतं.

खरी तक्रार इथून पुढे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं. ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. घाटावरच्या उसाला त्याचा फायदा झाला, ते चांगलंच. पण इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी जातं. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, म्हणजे तळाच्या थरावर इंजिन चुकून चालू झालंच तर ते बिनऑइलचं फिरतं. जुन्या रबरी नळ्यांचा आतला थरही इथेनॉलनं सुटतो आणि त्याचे तुकडे जेटपर्यंत पोचतात. यामाहा आणि मर्क्युरीसारखे उत्पादक आपल्या इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा देतात. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोलसुद्धा बोटीत भरायला मनाई आहे आणि तशी सूचना पंपावर चिकटवावी लागते. आपल्याकडे मोटारींच्या मायलेजवर पुष्कळ वाद झाला. होडीवाल्याचं नाव त्यात क्वचितच आलं.

केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड आहेत. ती पेट्रोलवर चालू करून तापली की रॉकेलवर घेतात, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. हे शेवटचं पाऊल चुकलं की कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी इंजिन रुसतं. तिथल्या मच्छीमारांच्या हातात ही सवय मुरली आहे. आपल्याकडे तशीच एक सवय लागायला हवी: मे अखेरीस गोड्या पाण्यानं इंजिन धुताना पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईतो ते चालू ठेवायचं, आणि उरलेलं पेट्रोल टाकीत न ठेवता वापरून टाकायचं.

सवयीनं निम्मं काम होईल. उरलेलं सरकारचं आहे. बंदरांवर मच्छीमार संस्थांमार्फत डिझेल मिळण्याची व्यवस्था आहेच. त्याच पंपांवर हंगामात १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचं पेट्रोल ठेवणं अवघड नाही. मत्स्यव्यवसाय खात्यानं बंदीच्या काळात प्रत्येक मोठ्या बंदरावर एक दिवसाचं ओबीएम शिबिर घ्यावं, त्यात भाषणं नकोत, फक्त प्लग, बाटली आणि जेट. आणि इथेनॉलचं पुढचं उद्दिष्ट ठरवणाऱ्या समितीत, मोटार कंपन्यांच्या प्रतिनिधींशेजारी, एखाद्या मच्छीमार संस्थेलाही खुर्ची द्यावी.