मत उसने घेता येते तेव्हा

टोकन म्हणजे सभासदत्वाचे डिजिटल नाणे. ते ज्याच्या नावे जमा, तो सभासद. अशा टोकनांवर चालणाऱ्या अनेक संघटना गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर उभ्या राहिल्या. त्यांतील बहुतेकांचा नियम एकच : जितकी टोकने, तितकी मते. नियम सोपा खरा. पण त्यातील धोका १७ एप्रिल २०२२ रोजी जगापुढे आला.

‘बीनस्टॉक’ या संघटनेत ठेव ठेवणाऱ्यास मताधिकार मिळे. दोन-तृतीयांश मते मिळाल्यास एका दिवसाच्या मुदतीनंतर ठराव तातडीने अमलात येई. एका अज्ञात व्यक्तीने आदल्या दिवशी दोन ठराव मांडून ठेवले. त्यांत युक्रेनला अडीच लाख डॉलर दान देण्याचाही प्रस्ताव होता. दुसऱ्या दिवशी तिने सुमारे एक अब्ज डॉलरचे ‘फ्लॅश लोन’ उचलले. या कर्जास तारण लागत नाही; मात्र त्याच व्यवहारात ते फेडावे लागते, अन्यथा सारा व्यवहार रद्द होतो. उसन्या पैशाने मते मिळाली, ठराव मंजूर झाला, तिजोरी रिकामी झाली आणि कर्जही फिटले. हल्लेखोराच्या पदरी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम पडली. कुलूप कोणी फोडले नाही. संघटनेच्या नियमांनीच दार उघडले.

पतसंस्थेचा कारभार पाहिलेल्यास यातील उणीव चटकन ध्यानी येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार भाग कितीही असोत, सभासदाचे मत एकच. इंटरनेटवर मात्र एकच माणूस दहा खाती उघडू शकतो. म्हणून ओळख पटविल्याशिवाय हा नियम तेथे टिकत नाही. मे २०२२ मध्ये इथेरियमचे एक जनक विटालिक ब्युटेरिन यांनी दोन सहलेखकांसह वेगळा मार्ग सुचविला : विकता वा हस्तांतरित करता न येणारे टोकन. काम, शिक्षण आणि सहवास यांतून ते मिळावे, पैशातून नव्हे.

जैन संघाला हा भेद नवा नाही. बोली बोलून पहिल्या अभिषेकाचा मान मिळतो. परंतु त्या बोलीने मंदिराच्या निधीवर अधिकार मिळत नाही. मान आणि कारभार यांच्या वह्या निराळ्या असतात.

व्यापारी घरांतील तरुणांपुढे आज अशा सभासदत्वाचे प्रस्ताव येत असतात. टोकन घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. मत पैशाने वाढते काय? आज आलेल्यास आजच मत देता येते काय? ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत हरकत घेण्याइतका अवधी आहे काय? बाहेर पडताना आपला वाटा परत मिळतो काय? उत्तरे समाधानकारक नसतील, तर ते सभासदत्व नव्हे, केवळ सौदा होय. आणि सौद्यात पेढीची पत पणाला लावू नये, ही शिकवण घरातील जुन्या वह्यांनी केव्हाच दिलेली आहे.