लेखिका कोण?

रहस्यकथेत चोर कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. पण पुस्तक कोणी लिहिलं हेच कळलं नाही तर?

१९३३ साली मराठीत अस्संच झालं! ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकल्यासवरल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली दुःखं त्यात होती. तेव्हा असं उघड कोणी बोलत नसे. मोठी खळबळ उडाली. कोण ही बाई? आपल्या अंजूरचा तो अंजूरकर, तशी ही शिरूरची का? पण ते होतं टोपणनाव! खऱ्या लेखिका बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव कळल्यावरही ‘बळी’ ही कादंबरी १९५० मध्ये विभावरी याच नावानं आली.

मी एकदा वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या. एकीत होतं, ‘बाई, भागाकार समजत नाही, विचारायची भीती वाटते.’ दुसरीत एका मुलाला चिडवलं होतं. दुसरी मी फाडली. पहिलीमुळे भागाकार पुन्हा शिकवला.

नाव झाकावं ते खरं सांगण्यासाठी, कुणाला टोचण्यासाठी नव्हे. पटतंय ना?

तुमच्या बाई